कखडी गाव कुठे गेलं? सॅटेलाइटवरून जुनी पांढर शोधणं, नाशिक परिसर

गोदेकाठचा:

नमस्कार मंडळी. लिहिणं जरा लांबलंय, वेळ काढून वाचा.

पांडवलेण्यावर आपण सगळे शाळेच्या सहलीपासून जातोय. लेणं क्रमांक ३ च्या व्हरांड्यात सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचे दोन हुकूम कोरलेत. पहिला त्याच्या १८व्या राज्यवर्षातला, पश्चिम कखडी गावात जे शेत आधी उषवदाताकडे (क्षत्रप राजा नहपानाचा जावई) होतं ते डोंगरावरच्या भिक्षूंना दिलं असा. दुसरा २४व्या वर्षातला. त्यात राजा गोवर्धनच्या (नाशिकजवळचं तेव्हाचं ठाणं) अमात्याला कळवतो की कखडी गावचं जे शेत आपण दिलं होतं ते कसलं जात नाही आणि ते गाव वसत नाही, तर त्याच्या बदली शहराच्या शिवेवरच्या राजाच्या जमिनीतली १०० निवर्तनं (जमीन मोजायचं जुनं माप) द्या. मूळ शब्द आहेत 'गामो न वसति'. साधारण १,९०० वर्षांपूर्वीची भाषा आणि आपल्याला अर्थ विचारावा लागत नाही.

हे पहिल्यांदा नीट कळलं तेव्हा मी तिथेच बसून राहिलो. म्हणजे नाशिकजवळचं एक गाव उठलं, ते उठल्याची सरकारी नोंद दगडात आहे, आणि ते गाव कुठे होतं ते आज कुणी बोट ठेवून दाखवू शकत नाही.

मी पोटापाण्यासाठी नकाशेच करतो (पाटबंधाऱ्याची, रस्त्याची कामं, दिवसभर क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर उघडं असतं), म्हणून मनात आलं की आपल्याच परिसरातली उठलेली गावं वरून दिसतील का. कखडीच सापडेल असं मी म्हणत नाहीये, कुठलंही जुनं वसतिस्थान चालेल. आमची आजी दारणाकाठची, तिच्या माहेरी एका शेताला सगळे नुसतं 'पांढर' म्हणायचे, "पांढरीत जाऊन ये" असं, आणि तिथे घर एकही नव्हतं. लहानपणी प्रश्न पडला नाही. आता कळतं की आपल्याकडे गावच्या जमिनीचे भाग दोनच, काळी आणि पांढरी, काळीत पिकवायचं आणि पांढरीत राहायचं. माणसं शेकडो वर्षं एका जागी राहिली की मातीच्या भिंती ढासळतात, चुलीची राख, शेण, हाडं, चुना सगळं एकावर एक साचत जातं आणि माती पांढुरकी, राखाडी, भुसभुशीत होते. गाव उठून गेलं तरी तो रंग राहतो. काळ्या जमिनीत पांढरा डाग, तोही ओढ्याच्या वळणावर जरा उंचवट्यावर, म्हणजे वरून दिसायला यापेक्षा चांगली खूण कुठली.

सेंटिनेल-२ या युरोपच्या उपग्रहाची मे महिन्यातली फुकट मिळणारी इमेज घेतली, नांगरट झालेली असते, रान उघडं असतं. सिन्नर-निफाडच्या शिवेकडे एक लांबुळका फिकट डाग दिसतोय, साधारण ५ एकराचा. मोबाईलवर रोज दहादा उघडून बघतोय. खरंच पांढर आहे की दुसरं काही हे घरबसल्या किती ठरवता येईल? कुठल्या इमेज बघू? जाणकारांनी सांगा.

द्राक्षबागवाला:

भाऊ, चांगला विषय काढला. पण वरून पांढरं दिसलं म्हणजे पांढर नसते हे आधीच सांगतो. आमच्याकडे पांढरं दिसायला पन्नास कारणं आहेत, चुनखडीचा पट्टा असला की पांढरं, जुन्या वीटभट्टीची राख असली की पांढरं, खळ्याची जागा, कांद्याची चाळ मोडली ती जागा, शेडनेट, आणि प्लॅस्टिकचा कागद टाकलेलं शेततळं तर लांबून चमकतं. आणि सगळ्यात मोठं कारण गाळ. २०१७ नंतर गाळमुक्त धरण गाळयुक्त शिवार आलं तेव्हापासून तलावातला गाळ ट्रॅक्टरनी शेतात ओढलाय लोकांनी, मीही ओढलाय, वाळल्यावर तो फिकट राखाडीच दिसतो. तुमचा ५ एकराचा डाग गाळाचा निघू शकतो, मनाची तयारी ठेवा.

दुसरी गोष्ट. आमच्या आजोबांच्या वेळेस पांढरीची माती गाड्या भरभरून खत म्हणून काळीत टाकायचे, उकिरड्यासारखीच कसदार असते ना ती. गावोगाव अशा पांढरी खणून खणून सपाट झाल्या. आमच्याच मळ्यात त्या मातीबरोबर पाट्याचा तुकडा आला होता, आजीने त्यावर कितीतरी वर्षं मिरची वाटली.

पिक्सेलताई:

धागाकर्ते, सुरुवात बरोबर केलीत. मी याच क्षेत्रात काम करते, थोडं सविस्तर लिहिते.

सेंटिनेल-२ चा एक पिक्सेल १० मीटर बाय १० मीटर, म्हणजे जवळजवळ बरोबर एक गुंठा. तुमचा ५ एकराचा डाग म्हणजे २०० पिक्सेल, तेवढ्यात आकार समजतो, भिंत किंवा घर दिसायची अपेक्षा ठेवू नका. उंचवटा आहे का बघायला लोक अमेरिकेच्या अवकाशयानावरच्या, म्हणजे स्पेस शटलवरच्या रडारचा उंचीचा डेटा घेतात, तो फेब्रुवारी २००० मधला, पिक्सेल ३० मीटरचा म्हणजे ९ गुंठ्यांचा, आणि त्यातली चूकच काही मीटरची असते. आपल्या पांढरी दोन-तीन मीटर उंच, शिवाय नांगरून बसलेल्या, त्यामुळे त्यावरून टेकाड ठरवू नका.

एका वर्षाच्या इमेजवर तर मुळीच विसंबू नका. निदान सात-आठ वर्षांच्या एप्रिल-मेच्या इमेज एकत्र करून प्रत्येक पिक्सेलची मधली किंमत काढा, म्हणजे एखाद्या वर्षी पडलेला कडबा, जाळलेलं पाचट, ओल हे सगळं निघून जातं आणि मातीचा खरा रंग उरतो. पाकिस्तानातल्या चोलिस्तानच्या वाळवंटात २०२० साली हेच मोठ्या प्रमाणावर झालं, सेंटिनेल-१ चं रडार आणि सेंटिनेल-२ च्या अनेक वर्षांच्या इमेज एकत्र करून सिंधू संस्कृतीच्या काळातली टेकाडं संगणकाकडून शोधून घेतली. पण तिथे द्राक्षबाग नाही. निफाडकडे अर्धं शिवार बारमाही हिरवं, बागेच्या मांडवाखालची माती वरून दिसतच नाही. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर थोडे दिवस जरा उघडी पडते, त्या दिवसांच्या इमेज वेगळ्या काढून बघा.

पावसाळ्यात उघडीप पडते ते दिवसही बघा. पुरलेल्या भिंतीवर, दगडी पायावर माती कमी असते, तिथलं पीक आधी सुकतं. खड्ड्यावर, जुन्या चरावर ओल टिकते, तिथलं हिरवं राहतं. आयर्लंडमध्ये २०१८ च्या जुलैत दुष्काळ पडला तेव्हा न्यूग्रेंज या प्राचीन थडग्याजवळ ड्रोन उडवणाऱ्यांना शेतात एक अख्खं वर्तुळ असंच दिसलं होतं.

आणि गाळाची शंका फेडायची तर एकच सरळ रस्ता, गाळ टाकायच्या आधीचा फोटो बघायचा. कोरोना.

सह्याद्रीवारा:

कोरोना म्हणजे?

पिक्सेलताई:

आजार नाही, उपग्रह. अमेरिकेचे हेरगिरीचे उपग्रह होते, १९६० ते १९७२. फिल्मवर फोटो काढायचे, फिल्मची कुपी पॅराशूटने खाली सोडायचे आणि विमानाने ती हवेतच आकड्यात झेलायची. १९९५ साली आठ लाखांवर फोटो सगळ्यांसाठी खुले झाले. शेवटच्या मालिकेत जमिनीवरचं साधारण १.८ मीटरचं दिसतं. अमेरिकन भूगर्भ खात्याच्या अर्थएक्सप्लोरर या वेबसाइटवर शोधता येतात, कुणीतरी आधी पैसे भरून स्कॅन करून घेतलेली फ्रेम असेल तर ती फुकट उतरवून घेता येते.

आपल्यासाठी याचं मोल वेगळंच आहे. कोरोना १९७२ च्या मेमध्ये संपलं, म्हणजे बहात्तरच्या दुष्काळात जी नाला बंडिंगची, पाझर तलावांची कामं निघाली त्याच्या आधीचा महाराष्ट्र त्यात आहे. शेतं बैलाने नांगरलेली, ट्रॅक्टर मोजके, जेसीबी नाहीत. सिरिया-इराकच्या सपाटीवर याच फोटोंत चार-पाच हजार वर्षांपूर्वीच्या खोलगट वाटा टेकाडांपासून चहूकडे फाकलेल्या दिसल्या, ज्या आता नांगराने कितीतरी ठिकाणी पुसल्यात.

हा फोटो आजच्या नकाशावर जोडताना मात्र घाम निघेल, फ्रेम पट्टीसारखी लांब असते आणि दोन्ही टोकांना ताणलेली. न हललेल्या खुणा घ्या. मनमाडची रेल्वेलाईन, देवळं, जुन्या दगडी विहिरी. टोपोशीट (सर्व्हे ऑफ इंडियाचे नकाशे) दोन लागतील कारण आपलं शहर बरोबर २० अंश अक्षांशावर बसलंय, वरचा भाग ४६ एच मध्ये आणि खालचा ४७ ई मध्ये.

सह्याद्रीवारा:

धन्यवाद ताई. एक शंका अजून, लायडार (विमानातून लेझर सोडून जमिनीची उंची मोजणं) का नाही वापरत? ग्वाटेमालाच्या जंगलात माया लोकांची हजारो घरं एका फटक्यात सापडली ना.

पिक्सेलताई:

सापडली, २,१०० चौरस किमीपेक्षा जास्त जंगलात ६०,००० हून जास्त बांधकामं, २०१८ ला जाहीर झालं. कंबोडियातल्या अंगकोरला २०१२ मध्ये हेलिकॉप्टरने ३७० चौरस किमी मोजलं होतं आणि देवळांभोवतीच्या अख्ख्या शहराचे रस्ते उमटले. पण लायडारचं बळ दोन गोष्टींत, एक म्हणजे पानांच्या फटीतून लेझरचे थोडे तरी किरण जमिनीला पोचतात, आणि दुसरं म्हणजे जमिनीवर उंचसखल काहीतरी शिल्लक असावं लागतं. नांगरलेल्या काळ्या रानात उंचसखल उरलंच नसेल तर लायडार काय मोजणार. त्र्यंबक, हरसूल, पेठ, सुरगाणा या डोंगराळ भागात मात्र खूप उपयोगी पडेल, किल्ल्यांच्या मेटांच्या (पहाऱ्याच्या वस्त्यांच्या) जागा, जुनी तळी, जोती, घाटवाटा. तिथेही आपल्या बाजूने निसर्ग आहे, आपलं जंगल पानगळीचं, मार्च-एप्रिलमध्ये साग उघडाबोडका होतो. त्या महिन्यात ड्रोनचे साधे फोटो एकमेकांवर चढवून जमिनीचा आकार बऱ्यापैकी निघतो.

ड्रोनच्या आधी डिजिटल स्काय नकाशा बघाच, ड्रोन कुठे उडवता येतो ते सांगणारा सरकारी नकाशा. ओझर विमानतळ, देवळालीचा लष्करी भाग, गांधीनगर, नाशिकरोडचा नोटांचा छापखाना, एवढ्या सगळ्यात मोकळं आकाश कुठे आहे ते आधी तपासा.

ब्राह्मीवाचक:

कखडीचा उल्लेख वाचून फार आनंद झाला, तो लेख इतक्या बारकाईने वाचणारे थोडे. त्यात अजून एक भर.

अंजनेरीला सापडलेले भोगशक्ती राजाचे ताम्रपट आठव्या शतकाच्या सुरुवातीचे आहेत, अभ्यासक वा. वि. मिराशींनी वाचलेले. त्यातल्या एकात समगिरीपट्टण, चंद्रपुरी आणि आसपासच्या काही वाड्या आधी उजाड झाल्या होत्या त्या पुन्हा वसवल्या आणि तिथल्या व्यापाऱ्यांना सवलती दिल्या असं आहे. वाड्यांच्या नावांच्या शेवटी 'पल्लिका' येतं. म्हणजे एका शिलालेखात गाव उठल्याची नोंद आणि दुसऱ्या लेखात उठलेली गावं पुन्हा बसवल्याची, दोन्ही आपल्याच जिल्ह्यात. गावं उठणं आणि बसणं ही इथली नेहमीची घडामोड होती. इंग्रजी अमदानीतल्या महसुली कागदातही 'बेचिराग' असा शेरा असायचा, ज्या गावात दिवा लागत नाही ते. तुमच्या डागाच्या आसपासच्या मौजांमध्ये असा शेरा कुठे होता का ते तहसीलच्या जुन्या दप्तरात विचारा, सॅटेलाइटपेक्षा ते आधी करण्यासारखं.

एक मात्र कळकळीची विनंती, डागाला नाव चिकटवू नका. ओमानमध्ये नव्वदच्या दशकात शटलच्या रडारवरून आणि लँडसॅट उपग्रहावरून जुन्या वाटा शिसर नावाच्या विहिरीपाशी एकत्र येताना दिसल्या, खणल्यावर पडका कोट सापडला, आणि लगेच जगभर झालं की उबार हे हरवलेलं शहर मिळालं. कोट खरा, वाटा खऱ्या, पण ते उबारच का यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. कखडी गोवर्धनच्या आसपास असावं असं वाटतं एवढंच, तुमची जागा सिन्नरकडे. जोगलटेंभीही त्याच बाजूला, दारणा-गोदावरीच्या संगमावर, जिथे १९०६ ला नहपानाची १३,००० हून जास्त चांदीची नाणी सापडली आणि त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्राने आपला ठसा उमटवला होता. तेव्हा जुनी वस्ती असण्यात नवल काहीच नाही, पण नाव खापर सांगत नाही.

नांदूरचा पक्षीवेडा:

पाण्याखालच्यांचं काय? मी दर हिवाळ्यात नांदूरमध्यमेश्वरला असतो. चांदोरीला नदीपात्रातली देवळं पाणी उतरलं की उघडी पडतात, अख्खी दगडी देवळं, एरवी पाण्यात. त्यांच्या आसपासचा काठ पाणी कमी असतानाच्या इमेजमध्ये बघायला हवा, दर वर्षी पाण्याची कड कुठपर्यंत खाली गेली ते सॅटेलाइटवरून सहज कळतं, आणि सगळ्यात जास्त उतरलं त्या वर्षी काय काय उघडं पडलं होतं ते नोंदवून ठेवता येईल. गंगापूर धरणाच्या पोटातही कितीतरी गेलंय. मला इमेज हाताळता येत नाहीत पण काठाने फिरायला, फोटो काढायला मी तयार आहे.

गोदेकाठचा:

सगळ्यांचे आभार, चार रात्री यातच गेल्या.

ताईंनी सांगितल्याप्रमाणे आठ वर्षांच्या मे महिन्यांची मधल्या किमतीची इमेज केली, आणि एकेक वर्षही वेगळं बघितलं. डाग टिकला, पण दोन तुकडे झाले. पूर्वेकडचा, ओढ्याच्या वळणाकडचा, दर वर्षी फिकट. पश्चिमेकडचा मधल्या एका वर्षापासून अचानक फिकट झालाय आणि हळूहळू पुन्हा काळा पडत चाललाय. तिथेच द्राक्षबागवाल्या दादांचा गाळ आठवला.

मग कोरोना. नशिबाने आमच्या भागाची १९६० च्या दशकातली एक फ्रेम आधीच स्कॅन झालेली होती. जोडायला दोन रात्री गेल्या, रेल्वेचा पूल, एक हेमाडपंती देऊळ आणि पाच विहिरी धरून. सगळं जागेवर बसलं तेव्हा पहाटेचे दोन वाजले होते. काळंपांढरं चित्र, दाणेदार, ओळखीचं काहीच नाही, पाझर तलाव नाही, डांबरी रस्ता नाही, शेतांचे तुकडे लहान लहान. आणि ओढ्याच्या वळणावर पूर्वेकडचा डाग, स्पष्ट, कडा गोलसर, अगदी ओट्यावर भाकरीचं पीठ सांडावं तसा. पश्चिमेकडे काही नाही, सलग काळं. म्हणजे पश्चिमेचा अर्धा गाळाचा आणि पूर्वेचा निदान पन्नास-साठ वर्षांपूर्वीपासूनचा. शिवाय डागापासून नदीकडे जाणारी एक बारीक फिकट रेघ आहे, आजच्या कुठल्याच बांधाशी जुळत नाही, गाडवाट असावी असं वाटतंय.

आजीला जाऊन तेरा वर्षं झाली. तिला हे चित्र दाखवायला हवं होतं.

आता ५ एकर नाही, जेमतेम दोन-सव्वादोन एकर उरलंय. पण जे उरलंय त्यावर जास्त विश्वास बसतोय.

द्राक्षबागवाला:

मला व्यक्तिगत निरोपात जागा कळवली होती त्यावरून सांगतो, शेतकरी आमच्या लांबच्या नात्यातले निघाले. फोन झाला. त्यांनी पश्चिमेच्या बाजूला पाझर तलावाचा गाळ टाकलाय हे खरं. पूर्वेच्या कोपऱ्याला ते आजही पांढरीचा कोपराच म्हणतात, कांदा तिथे चांगला येतो म्हणाले. रविवारी सकाळी सातला निघू, ऊन व्हायच्या आत बघून होईल. पक्षीवेडे तुम्हीही या.

ब्राह्मीवाचक:

जाताय तर काहीही उकरू नका, काहीही घरी आणू नका. खापरं जागेवर बघा, फोटो काढा, जवळ पट्टी किंवा नाणं ठेवा, परत तिथेच ठेवा. आणि ज्या भागात काही नाही तिथेही तेवढंच चाला, नाहीतर तुलना होत नाही. गाळाच्या अर्ध्यातही खापर सापडेल, तलावाच्या गाळातून वाहून आलेलं, तेवढ्यावर फसू नका.

गोदेकाठचा:

जाऊन आलो. जमेल तसं लिहितो, हात अजून मातीचे आहेत असं वाटतंय.

पूर्वेच्या कोपऱ्यात पाय ठेवल्याबरोबर फरक कळतो, काळीची ढेकळं बुटाला लागतात, टणक, आणि पांढरीत पाय पिठात रुतल्यासारखा जातो. सुतळी बांधून १० बाय १० मीटरचे चौकोन केले, म्हणजे सॅटेलाइटच्या एकेका पिक्सेलएवढे, आणि चौघांनी वाकून खापरं मोजली. वळणाजवळच्या एका चौकोनात ४६ भरली. बांधाकडे १९. गाळाच्या बाजूच्या चौकोनात ३, तीही झिजलेली, कडा गुळगुळीत. काळीत एकही नाही.

खापरं बहुतेक जाडीभरडी, काळपट. पण सात तुकडे वेगळे होते, पातळ, लाल, त्यावर काळ्या रेघा, एकावर तिरक्या रेघांची जाळी. नखाने टिचकी मारली की खणकन वाजतं, मडक्याचा आवाज नाही तो. एक काठाचा तुकडा होता, त्याला आतून कुणाच्या तरी बोटाची ओळ उमटलेली, चाकावर फिरवताना पडते तशी. मी माझं बोट त्यावर ठेवून बघितलं. बांगड्यांच्या काचेचे तुकडेही होते, हिरवे, ते बरेच नंतरचे असणार.

ओढ्याच्या बाजूला पुराने कड तुटलीय, पुरुषभर उंच. कुणीही खणलेलं नाही, पाण्यानेच कापलंय. तळाला काळी माती, तिच्यावर राखाडी थर, मध्ये हाताच्या पंजाएवढी शुद्ध राखेची पट्टी, तिच्यात जळकं काहीतरी, वर पिवळसर मातीचा चोपलेला थर, मग पुन्हा राखाडी. खापरं आडवी पडलेली, थराला धरून. दादा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले की ही जमीन सारवलेली आहे. पिवळ्या थराकडे बोट होतं त्यांचं. आपल्या घरात सारवतात तशी.

ब्राह्मीवाचक:

फोटो बघितले. लाल, पातळ, चांगली भाजलेली, काळ्या भौमितिक रेघांची आणि खणखणीत वाजणारी खापरं म्हटल्यावर पहिलं नाव जोर्वे येतं. प्रवरेकाठचं, संगमनेरजवळचं जोर्वे आणि आपलं नाशिक इथे पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी १९५०-५१ ला उत्खनन केलं. नाशिकमध्ये ते मातीच्या गढीवर झालं. त्या प्रकारच्या खापरांचा काळ ढोबळमानाने इसवीसनपूर्व १४०० ते ७००. तसं निघालं तर सातवाहन त्यापुढे कालचे, कखडीचा प्रश्नच उरत नाही. पण फोटोवरून मी शिक्कामोर्तब करणार नाही, हातात घेऊन बघणारं माणूस हवं. सरकारवाड्यात राज्य पुरातत्त्व खात्याचं कार्यालय आहे, तिथे लेखी कळवा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजलाही कळवा. चौकोनांचे आकडे आणि कोरोनाचा तुकडा सोबत जोडा.

रानभूल:

भारीच! लोकेशनची पिन टाका ना इथे, आम्हीही बघून येऊ.

गोदेकाठचा:

पिन टाकणार नाही, राग मानू नका. जुन्या जागेचं नाव निघालं की गुप्तधनवाले रात्री मेटल डिटेक्टर घेऊन येतात, आणि एका रात्रीत जो खड्डा पाडतात त्यात हजारो वर्षांचे थर कायमचे कालवले जातात. शिवाय ती एका माणसाची चालती शेती आहे, उद्या दीडशे लोक कांद्यातून चालले तर त्यांनी काय करायचं. कायद्यानेही १० रुपयांच्या वरचा पुरलेला ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे, १८७८ पासून. तुम्हाला खरंच यायचं असेल तर निरोप करा, शेतकऱ्यांना विचारून बरोबर जाऊ. नाहीतर तुमच्या गावची पांढर विचारा घरातल्या म्हाताऱ्यांना, मी सांगतो त्याच पद्धतीने बघा.

पिक्सेलताई:

पिन न टाकण्याला माझा पूर्ण पाठिंबा.

पुढच्या तपासाबद्दल. जमिनीखाली न खणता बघायची यंत्रं असतात पण आपला दगड त्रास देतो. चुंबकीय मोजणी भट्ट्या, चुली फार छान दाखवते, मात्र बसाल्ट स्वतःच चुंबकीय, त्याचे गोटे मातीत असले की सगळीकडे खोटे इशारे. जमिनीत रडार सोडायचं तर ओल्या काळ्या मातीत ते थोड्याच खोलीत विरतं. तुमची जागा राखेची, कोरडी, उन्हाळ्यात तिथे जमून जाईल.

आणि ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून निसार गेला, इस्रो आणि नासाचा मिळून, लांब तरंगांचं रडार आहे, दर १२ दिवसांनी तीच जागा बघतो. त्याने काळ्या मातीखालचं गाव दिसेल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. १९८१ ला शटलच्या रडारने सहाराच्या वाळूखालच्या जुन्या नद्या दाखवल्या कारण ती वाळू ठणठणीत कोरडी होती. मला निसारकडून वेगळी आशा आहे, पाऊस थांबल्यावर पांढर आणि काळी वेगवेगळ्या वेगाने वाळतात, तो फरक १२-१२ दिवसांनी पकडता आला तर बागांच्या बाहेरच्या रानात अशा जागांची यादी करता येईल. मी सिन्नर तालुक्यापासून सुरुवात करते, या पावसाळ्यानंतर.

नांदूरचा पक्षीवेडा:

मी चांदोरीपासून वरती काठ चालायला लागलोय, आतापर्यंत दोन ठिकाणी कडेत राखेचे थर दिसले. फोटो आणि तारीख ताईंना पाठवतो.

द्राक्षबागवाला:

एक काळजीची गोष्ट आहे, ती काल कळली. त्या शेतकऱ्यांच्या मुलाला त्या तुकड्यात बाग लावायचीय, दिवाळीनंतर. बाग म्हणजे दोन-अडीच फूट खोल चर, ओळीने, पोकलेनने, आणि वर मांडवाच्या लोखंडी अँगलचे खड्डे. पांढरीचा कोपरा त्यातच येतो.

मी काल संध्याकाळी जाऊन बसलो त्यांच्याकडे. पोराचं म्हणणं चूक नाही, कर्ज मंजूर झालंय, रोपांची बोलणी झालीत. मी मोबाईलवर तो कोरोनाचा फोटो दाखवला. म्हातारबाबांनी चष्मा लावून बराच वेळ बघितला, त्यांनी त्यांच्या वडिलांची विहीर ओळखली त्यात, मोट चालायची ती. मग ती फिकट रेघ दाखवून म्हणाले की ही वाट नदीच्या उताराला जाते, आम्ही लहान असताना म्हशी न्यायचो, नंतर बांध घालून मोडली. पोराने मला विचारलं की इथे आमच्या आधी कोण राहायचं ते खरंच कळेल का. मी म्हटलं माणसं येऊन बघतील तेव्हा कळेल.

तर ठरलंय ते असं. ओढ्याकडचे ३० गुंठे यंदा सोडायचे, बागेची पहिली ओळ त्याच्या अलीकडून. तिथे कांदाच करायचा, वरवर नांगरून. एकच वर्ष थांबतो म्हणालाय, त्याच्या पुढचं वचन मी मागितलं नाही.

गोदेकाठचा:

दादा, काय लिहू. तुमच्यामुळे झालं हे.

पत्र आज दोन्हीकडे दिलं, पोच घेतलीय. चौकोनांचा नकाशा, ४६ आणि ३ चे आकडे, कडेच्या थरांचे फोटो, कोरोनाची फ्रेम सगळं जोडलंय. त्या मुलाला फोन करून पत्राची प्रत पाठवली, त्याने विचारलं की नावाच्या जागी काय लिहिलंय. शेताला घरात जे म्हणतात तेच लिहिलंय म्हटलं, पांढरीचा कोपरा.